राजद्रोहाचं कलम गेलं, मग पत्रकारांवर गुन्हे कसले?

ऑगस्ट २०२५ मध्ये आसाम पोलिसांनी 'द वायर' या वृत्तसंकेतस्थळाचे संपादक सिद्धार्थ वरदराजन आणि ज्येष्ठ पत्रकार करण थापर यांना चौकशीसाठी समन्स पाठवलं. गुन्ह्यात भारतीय न्याय संहितेचं कलम १५२, म्हणजे राजद्रोहाच्या जुन्या कलमाच्या जागी आलेलं कलम, लावलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अटकेपासून तात्पुरतं संरक्षण दिलं आणि बातमी मागे पडली. पण ती वाचून बऱ्याच जणांना एक रास्त प्रश्न पडला. राजद्रोहाचा कायदा रद्द झाला ना? सरकारनेच संसदेत तसं सांगितलं होतं. मग हे काय?

मी ठाण्यात वकिली करते. ठाण्याजवळच्या दिवा गावातला एक मुलगा पाणीटंचाई आणि कचऱ्यावर मोबाइलने व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकतो. तो भेटायला आला तेव्हा त्याने हाच प्रश्न जास्त नेमका विचारला: "ताई, मी जे आहे तेच दाखवलं, तरी माझ्यावर केस होऊ शकते का?"

उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण कुठलं कलम लागतं यावर ते ठरतं. काही कलमांत खरं बोलणं हा बचाव आहे. काहींत खरं-खोटं हा मुद्दाच येत नाही. हा फरक समजला की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

बदनामी वेगळी, राजद्रोह वेगळा

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या मोठ्या सोसायटीचं उदाहरण घ्या. तुम्ही ग्रुपवर लिहिलंत की सेक्रेटरीने लिफ्टच्या दुरुस्तीचे पैसे खाल्ले. सेक्रेटरी म्हणेल, पुरावा द्या, नाहीतर माझी बदनामी केलीत म्हणून कोर्टात जातो. भांडण दोघांतलं आहे. तुमच्याकडे बिलं असतील तर तुम्ही सुटाल.

आता दुसरा प्रसंग. तुम्ही लिहिलंत की लिफ्ट बंद आहे, टँकरचा हिशोब मिळत नाही, या कमिटीवर विश्वास राहिला नाही. त्यावर कमिटी म्हणाली, "हे खरं की खोटं ते बाजूला ठेवा. तुमच्या लिहिण्याने सभासदांच्या मनात आमच्याविषयी नाराजी पसरली, हाच गुन्हा." तक्रार कमिटीची, आणि धरायला येणारा वॉचमनही कमिटीच्याच पगारावरचा.

पहिला प्रसंग बदनामीचा, दुसरा राजद्रोहाचा. बदनामीचा गुन्हा आज न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं, गुन्हा जामीनपात्र, आणि पोलीस परस्पर अटक करू शकत नाहीत. ज्याची बदनामी झाली त्याने सहसा मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायची असते. आपल्या जिल्ह्यात भिवंडीच्या न्यायालयात राहुल गांधींवर २०१४ च्या भाषणावरून चाललेला खटला याच प्रकारातला. या गुन्ह्यात लोकहितासाठी सांगितलेलं सत्य हा अपवाद धरला जातो. ते सिद्ध करता आलं नाही तर मात्र तुरुंगही घडतो. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध छापलेली पत्रं बनावट निघाली आणि टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. ती शिक्षा बदनामीची होती, राजद्रोहाची नव्हे. शाळेपासून आपण ही दोन प्रकरणं एकात एक मिसळत आलो आहोत.

फौजदारी बदनामीचा कायदाही पत्रकारांना छळायला वापरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो वैध ठरवला, ते मला पटलेलं नाही. पण तिथे निदान बचावाला जागा आहे.

खरं असलं तरी गुन्हा, हे आलं कुठून?

हा विचार इंग्लंडचा. १६०६ मध्ये लंडनच्या स्टार चेंबर या न्यायालयाने ठरवलं की राज्यकर्त्यांवरची टीका खरी आहे की खोटी याने काही फरक पडत नाही. राजा प्रजेचा मालक, त्याचा मान कमी करणं म्हणजे शांततेचा भंग, असा तो हिशोब. प्रजा राज्यकर्त्यांना निवडते, ही कल्पनाच त्यात नाही.

भारतात हे कलम १८७० मध्ये दंड संहितेत १२४अ म्हणून आलं. सरकारबद्दल 'अप्रीती' निर्माण करणं हा गुन्हा झाला. त्या सुमारास मराठी वृत्तपत्रं गावोगाव निघू लागली होती. पुण्या-मुंबईचं सोडा, ठाण्यासारख्या तेव्हाच्या लहान गावातून 'अरुणोदय' आणि 'हिंदुपंच' निघत होती. सरकारला भीती होती ती याच छोट्या, देशी भाषांतल्या पत्रांची. म्हणून १८७८ मध्ये फक्त देशी भाषांतल्या पत्रांसाठी वेगळा कायदा आणला गेला. इंग्रजी पत्रं त्यातून वगळली होती. तो चार वर्षांत रद्द झाला, १२४अ मात्र राहिलं.

मग १८९७ आलं. पुण्यात प्लेग, घराघरांत शिरून तपासण्या, लोक संतापलेले. १५ जूनच्या 'केसरी'त शिवराज्याभिषेकाच्या उत्सवाचा वृत्तांत आणि 'शिवाजीचे उद्गार' ही कविता छापून आली. २२ जूनच्या रात्री प्लेगच्या बंदोबस्तावरचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. टिळकांवर खुनाचा कुठलाच आरोप नव्हता. त्यांना पकडलं ते छापलेल्या मजकुरासाठी. जामीन वारंवार नाकारला गेला, शेवटी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी दिला.

खटला न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यासमोर चालला. त्यांनी ज्युरीला कायदा समजावताना सांगितलं की अप्रीती म्हणजे आपुलकीचा अभाव. ही भावना किती तीव्र होती हे पाहायचं नाही. लिखाणामुळे प्रत्यक्ष दंगा झाला का, हेही पाहायचं नाही. ज्युरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तिघा भारतीयांनी निर्दोष. शिक्षा दीड वर्षांची. पुढच्याच वर्षी सरकारने स्ट्रेचींच्या अर्थाला धरून कलम आणखी रुंद केलं, आणि १९०८ मध्ये त्याच कलमाखाली 'केसरी'तल्या लेखांसाठी टिळक सहा वर्षं मंडालेला गेले. 'काळ'चे शिवराम महादेव परांजपेही त्याच वर्षी आत गेले.

१९२२ मध्ये 'यंग इंडिया'तल्या लेखांवरून गांधीजींवर हेच कलम लागलं. त्यांनी गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशांना सांगितलं की प्रेम कायद्याने निर्माणही करता येत नाही आणि आवरताही येत नाही. कायद्याचा अभ्यास करताना मी या कलमावर पुष्कळ वाचलं, पण इतका सरळ युक्तिवाद दुसरा सापडला नाही.

स्वातंत्र्य मिळाल्यावर हे कलम टिकलं कसं?

घटना समितीत १९४८ मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी आग्रह धरला आणि भाषणस्वातंत्र्यावरच्या बंधनांच्या यादीतून राजद्रोह हा शब्द वगळला गेला. दंड संहितेतलं कलम मात्र कुणी काढलं नाही. १९५० मध्ये पंजाब उच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे कारण जोडून सरकारने बंधनांची जागा पुन्हा वाढवली.

शेवटी १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला. कलम राहील, पण हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक अव्यवस्था माजवण्याचा हेतू वा कल असेल तरच. कडक शब्दांत केलेली टीका हा राजद्रोह नव्हे. हा निकाल आजही महत्त्वाचा आहे. २०२१ मध्ये पत्रकार विनोद दुआ यांच्यावरचा गुन्हा रद्द करताना न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की प्रत्येक पत्रकाराला केदारनाथ निकालाचं संरक्षण आहे.

अडचण अशी की हा निकाल न्यायाधीशांसाठी होता आणि गुन्हा नोंदवणारा अधिकारी कलमाचे शब्द वाचतो. त्यातच १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हा गुन्हा दखलपात्र केला, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येऊ लागली. इंग्रजांच्या काळी तशी सोय नव्हती. हे काम स्वतंत्र भारताच्या संसदेने केलं.

महाराष्ट्रातलंच पाहा. २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाखाली अटक झाली. प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यावर सरकारने तो आरोप मागे घेतला. मग पोलिसांना समज देण्यासाठी २०१५ मध्ये परिपत्रक निघालं, तर त्यातल्या शब्दांवरून लोकप्रतिनिधींवरची टीकाही राजद्रोह ठरेल असा गदारोळ उठला. अखेर ते परिपत्रकच मागे घ्यावं लागलं.

मग २०२४ मध्ये नेमकं काय बदललं?

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२४अ चा वापर थांबवून ठेवला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि दंड संहिताच गेली. नव्या संहितेत 'सरकारबद्दल अप्रीती' ही भाषा नाही, हे खरं आहे, आणि ते चांगलंच झालं.

तिच्या जागी कलम १५२ आहे. फुटीरता, सशस्त्र बंड किंवा विध्वंसक कारवायांना चिथावणी देणं, फुटीरतेच्या भावनेला प्रोत्साहन देणं, किंवा भारताचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणं हा गुन्हा. शब्दांनी, चित्रांनी, इलेक्ट्रॉनिक माध्यमातून, कसाही. शिक्षा जन्मठेप, नाहीतर सात वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड. जुन्या कलमात जन्मठेपेला पर्याय तीन वर्षांचा होता आणि नुसत्या दंडावरही सुटता येत होतं.

सशस्त्र बंडाला चिथावणी हा गुन्हा असावा, याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी हरकत 'एकता धोक्यात आणणं' आणि 'फुटीरतेच्या भावनेला प्रोत्साहन' या दोन तुकड्यांना आहे. यांची व्याख्या संहितेत कुठेही नाही. लष्करी कारवाईत काय चुकलं यावरचा लेख, सीमेवरच्या गावातल्या लोकांच्या रागाची बातमी, हे त्यात बसतं की नाही हे सुरुवातीला कोण ठरवणार? तक्रार लिहून घेणारा अधिकारी. राजस्थान उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्येच बजावलं की हे कलम मतभेद दडपण्यासाठी वापरता येणार नाही. कलमाच्या वैधतेला दिलेलं आव्हानही सर्वोच्च न्यायालयात आहे.

"शिक्षा तर होतच नाही, मग भीती कसली?"

हा आक्षेप मी सर्वांत जास्त ऐकते, आणि त्यातली आकडेवारी बरोबर आहे. २०१४ ते २०१९ या सहा वर्षांत देशात राजद्रोहाचे ३२६ गुन्हे नोंदवले गेले आणि दोषी ठरले फक्त सहा जण. पण हा आकडा मला अजिबात धीर देत नाही. उरलेल्यांचं मधल्या काळात काय झालं, ते त्यात दिसत नाही.

त्या दिव्याच्या मुलावर असा गुन्हा लागला तर काय काय होईल? आधी फोन जाईल. पंचनामा होईल, फोन पाकिटात घालून सील होईल, तपासणीसाठी प्रयोगशाळेत जाईल. त्याच्यासाठी फोन म्हणजे कॅमेरा, एडिटिंगची खोली आणि ऑफिस. ज्या बायकांनी टँकरवाल्याचं नाव घेऊन त्याला माहिती दिली त्यांचे नंबर त्याच फोनमध्ये. आपल्याकडे पत्रकाराला माहिती देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवण्याचा हक्क देणारा स्वतंत्र कायदा नाही. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यात तसं संरक्षण आहे, पण ते कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतं. पोलीस ठाण्यात त्याचा उपयोग नाही.

मग जामीन. गुन्हा अजामीनपात्र, म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे, पण तो हक्क म्हणून मिळत नाही, मागावा लागतो. कलमात जन्मठेप असल्यामुळे न्यायालयही सावध असतं. वकिलाची फी, तारखा, घरच्यांच्या कळवा-ठाणे फेऱ्या. जामीन मिळाला तरी पोलीस ठाण्यात हजेरीची अट, बाहेरगावी जायला परवानगी. आरोपपत्र आलं की खटल्याला वर्षं लागतात. या सगळ्यानंतर तो निर्दोष सुटेल आणि आकडेवारीत 'शिक्षा नाही' या रकान्यात जाईल.

आणि हे कलम एकटं लागलं तरच इतकं. सोबत बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा लागला तर जामीन आणखी दूर जातो. केरळचे पत्रकार सिद्दीक कप्पन ऑक्टोबर २०२० मध्ये हाथरसच्या बातमीसाठी निघाले असताना पकडले गेले. त्यांच्यावर राजद्रोहही होता आणि हा कायदाही. ते बाहेर आले फेब्रुवारी २०२३ मध्ये.

दिल्लीच्या मोठ्या संपादकाला वकिलांची फौज उभी करता येते. बदलापूर, मुंब्रा, तुर्भे इथे एकट्याच्या जिवावर पोर्टल चालवणाऱ्याला नाही. त्यामुळे तो काय करतो? बातमी सोडून देतो. कुणावर गुन्हा नाही, कुणाला अटक नाही, आणि गटाराच्या कंत्राटाबद्दल आपल्याला काहीच कळत नाही. प्रेस फ्रीडम म्हणजे संपादकांचा मान असं अनेकांना वाटतं. माझ्या लेखी ते आपल्या नळाच्या पाण्याबद्दल आपल्याला खरं कळणं आहे.

"हिंसा भडकवणाऱ्यांना मोकळं सोडायचं का?"

मुळीच नाही. त्यासाठी वेगळी कलमं आहेतच. देशाविरुद्ध युद्ध पुकारणं, दोन समाजांत वैर पसरवणं, दंगलीला चिथावणी, गुन्ह्याला उत्तेजन, हे सगळे स्वतंत्र गुन्हे आहेत. त्यात काय सिद्ध करायचं हे बरंचसं ठरलेलं आहे.

लेखणीवरच्या कठोर शिक्षेने हिंसा टळते, या समजुतीला ठाण्याचाच इतिहास उत्तर देतो. जून १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना कवितांच्या पुस्तिकेवरून राजद्रोह आणि युद्धाला चिथावणी या आरोपांखाली जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या शिक्षेने नाशिक शांत झालं नाही. त्याच डिसेंबरमध्ये तिथले कलेक्टर जॅक्सन यांचा खून झाला, आणि एप्रिल १९१० मध्ये अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघा तरुणांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. आज त्या तुरुंगाच्या भिंतीशेजारून आपण रोज जातो.

"कायदा काढला तर देश कमकुवत होईल" असं म्हणणाऱ्यांनी बाहेरही पाहावं. न्यूझीलंडने राजद्रोहाचा गुन्हा २००७ मध्ये रद्द केला, ज्या इंग्लंडकडून आपण तो घेतला त्याने २००९ मध्ये, सिंगापूरने २०२१ मध्ये. घानाने तर २००१ मध्येच हा गुन्हा आणि फौजदारी बदनामी दोन्ही काढून टाकले. आपल्या विधी आयोगाने मात्र २०२३ मध्ये कलम ठेवावं आणि शिक्षा वाढवावी अशी शिफारस केली.

"मी पत्रकार नाही, मला काय त्याचं?"

नोव्हेंबर २०१२ आठवा. बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, अटक आपल्याच जिल्ह्याच्या पोलिसांनी केली. दोघीही पत्रकार नव्हत्या. लागलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ होतं. पुढे प्रकरण मिटलं, अधिकारी निलंबित झाले, आणि मार्च २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६६अ रद्द केलं, कारण त्यातले शब्द इतके मोघम होते की त्यात काहीही बसवता आलं असतं. तरीही देशात पोलीस ते कलम लावतच राहिले, हे २०२१ मध्ये न्यायालयासमोर आलं तेव्हा न्यायाधीशांनाही धक्का बसला.

घटनेत वृत्तपत्रांना वेगळा हक्क दिलेला नाही. घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी त्याचं कारण सांगितलं होतं: संपादक लिहितो तो नागरिक म्हणूनच, त्याचा हक्क नागरिकाच्या हक्काहून वेगळा नाही. कलम १९ मधलं जे स्वातंत्र्य संपादकाला आहे तेच सोसायटीच्या ग्रुपवर लिहिणाऱ्या काकूंना आहे. म्हणून पत्रकारावर लागणारं मोघम कलम तुमच्यावरही लागू शकतं.

नोटीस आली तर

त्या मुलाला जे सांगितलं तेच इथे लिहिते. फोनवर बोलावणं आलं तर लेखी नोटीस मागायची. नोटीस आरोपी म्हणून आहे की साक्षीदार म्हणून, आणि कुठल्या कलमाखाली, हे वाचायचं. टाळायची मात्र नाही. बाईला, किंवा साठी उलटलेल्या माणसाला साक्षीसाठी पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं.

व्हिडिओ घाईने डिलीट करू नका, पुरावा नष्ट केल्याचा आरोप वाढतो. मूळ फुटेज, माहिती अधिकारात मिळालेले कागद, पालिकेला पाठवलेले प्रश्न यांची प्रत घराबाहेर दुसऱ्या कुणाकडे ठेवा. फोन जप्त केला तर पंचनाम्याची प्रत मागा. नव्या प्रक्रिया संहितेनुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

अटक झालीच तर तिची कारणं लेखी मिळाली पाहिजेत. 'न्यूजक्लिक' या वृत्तसंकेतस्थळाचे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांची अटक सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये याच मुद्द्यावर बेकायदा ठरवली. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. तिथे गप्प राहू नका. मारहाण झाली असेल, कारणं दिली नसतील, औषध मिळालं नसेल, सगळं तिथेच सांगायचं आणि ते नोंदवून घ्यायला लावायचं. आणि वकिलाचे पैसे नाहीत म्हणून घरच्यांनी थांबू नये. कोठडीतल्या कोणत्याही व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिलेला आहे. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, आणि फोन करायचा तर १५१००.